मनाची उचल



उचल म्हणजे काय, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पाडव्याला साल ठरते, सालदार मालकाकडून रक्कम उचलतो, ती मुलीच्या लग्नात नाही तर दवाखान्यात आठ दिवसांत संपते, आणि मग पुढे उभे राहतात बारा महिने. पैसा खाऊन झालेला असतो, काम तेवढे शिल्लक असते. माझ्या वडिलांनी नेरच्या शिवारात अशी किती साले काढली याचा हिशेब आता त्यांनाही सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र ते नेहमी सांगतात. मजुरी मिळायची बाकी असली म्हणजे हात आपोआप चालतो. ती आधीच मिळून गेली म्हणजे हात चालवावा लागतो.

आज मला ज्या उचलीबद्दल बोलायचे आहे ती मालकाकडून घेतलेली नाही. ती माणूस स्वतःच्याच मनाकडून घेतो. काम करायच्या आधी, झाडावरून कापसाचे एक बोंड न वेचता, तो कामाचे सुख मनातल्या मनात उपभोगून टाकतो. पुस्तकी भाषेत याला दिवास्वप्न किंवा मनोराज्य म्हणतात. आपल्या आयाबाया म्हणतात, मनाचे मांडे. शेखचिल्लीच्या गोष्टीला आपण सगळे हसलो आहोत. पण घराघरांतून, विशेषतः आमच्या शिकलेल्या पोरांतून, हा शेखचिल्ली आज दिवसाचे चार-चार तास राज्य करतो आहे, आणि त्याला कुणी हसत नाही, कारण तो कुणाला दिसत नाही. पुस्तक उघडे असते, मान खाली असते. घरचे समजतात, लेकरू अभ्यास करते आहे.

हे मी दुसऱ्याचे ऐकून लिहीत नाही.

बी. ए. झाल्यावर मी दोन वर्षे यवतमाळला खोली करून राहिलो. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेला मी पहिलाच. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा होता. खोलीभाडे आणि अभ्यासिकेची फी भरायला वडिलांनी दोन बकऱ्या विकल्या. घरी होत्याच तीन. सकाळी दहा वाजता मी पुस्तक उघडत असे आणि साडेदहाच्या सुमारास निकाल लागून मी राज्यात पहिला आलेला असे. अकरापर्यंत नेरच्या बसस्टँडवर माझी मिरवणूक निघे. नंतर माझी गाडी वस्तीत शिरे, लाल दिव्याची. (लाल दिव्याच्या गाड्या सरकारने १ मे २०१७ पासून बंद केल्या, माझ्या मनातली मात्र त्यानंतरही काही दिवस चालूच होती.) ज्या माणसाने एकदा आईला मजुरीच्या वेळी काट्यावर फसवले होते, तो हात जोडून उभा असे आणि मी त्याला मोठ्या मनाने क्षमा करत असे. तो क्षमा करण्याचा भाग मला फार आवडायचा. त्यासाठी भाषण तयार होते, ते मी रोज सुधारत असे. संध्याकाळी कानात गाणी लावून गावाबाहेरच्या रस्त्यावर मी तास-तास येरझाऱ्या घालायचो, कारण चालताना आणि गाणे लागलेले असताना ही चित्रे जास्त स्पष्ट दिसायची.

२०१३ साली त्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख माझ्या हातून निघून गेली. कुणी अडवले नव्हते, कुणी फसवले नव्हते. फीचे पैसे खिशात होते. मी तो अर्ज मनात इतक्या वेळा भरला होता की प्रत्यक्षात भरायचा राहून गेला. घरी हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. निकालाच्या दिवसांत मी वडिलांना सांगितले, थोडक्यात गेली. ते म्हणाले, "जाऊ दे बापू, पुढच्या खेपेला होईन." रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या घरात मी चौथे शील असे मोडले, आणि ते सहा वर्षे मोडलेलेच राहिले.

याच काळात केव्हातरी विहारातल्या कपाटात मला धम्मपदाच्या अट्ठकथेचा भाग सापडला, आणि त्यातल्या चित्तवग्गात भिक्खू संघरक्षिताची कथा वाचून मी घामाघूम झालो. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली नसेल म्हणून सविस्तर सांगतो.

श्रावस्तीची गोष्ट. एका वृद्ध थेरांचा भाचा त्यांच्याकडेच भिक्खू झाला. त्याचे नावही मामाप्रमाणे संघरक्षितच. एका वर्षावासात त्याला दोन वस्त्रे दानात मिळाली, एक सात हाताचे, एक आठ हाताचे. आठ हाताचे मामांना द्यायचे असे ठरवून तो मोठ्या हौसेने आला. पाय धुतले, पाणी दिले, वस्त्र पुढे ठेवले. मामा म्हणाले, माझ्याकडे चीवर आहे, तूच वापर. भाच्याने पुनःपुन्हा विनवले. मामांनी घेतले नाही. बस्स, एवढेच घडले. मग भाचा मामांना ताडपत्राच्या पंख्याने वारा घालू लागला आणि त्याच्या मनात आले : हे माझे काहीच घेत नाहीत तर मी यांचा भिक्खू कशाला राहू? गृहस्थ होतो. हे वस्त्र विकतो आणि एक बकरी घेतो. बकऱ्या लवकर वितात. करडे विकून भांडवल होईल. मग लग्न करीन. मुलगा होईल, त्याला मामांचेच नाव ठेवीन. बायको-मुलाला गाडीत बसवून मामांच्या दर्शनाला आणीन. वाटेत बायकोला म्हणेन, मूल माझ्याकडे दे. ती म्हणेल, तुम्ही गाडी हाका. तिला मूल आवरणार नाही, ते चाकोरीत पडेल आणि चाक त्याच्या अंगावरून जाईल. मग मी संतापून पराणीने तिला मारीन — आणि त्याने मारले! हातातला पंखा थेरांच्या डोक्यावर बसला.

थेर म्हणाले, संघरक्षिता, तुला बायकोला मारता आले नाही, पण त्यात या म्हाताऱ्याचा काय अपराध? भाचा शरमेने पळत सुटला. इतर भिक्खूंनी त्याला धरून तथागतांपुढे नेले. तथागतांनी त्याला शिक्षा केली नाही की त्याची थट्टा केली नाही. मन हे दूर दूर भटकणारेच असते, त्याला आवरण्यासाठी प्रयत्न केला पाहिजे, एवढेच समजावून त्याला धीर दिला.

ब्राह्मणी ग्रंथांतही अशी गोष्ट आहे. पंचतंत्रातला सोमशर्म्याचा बाप पिठाचे मडके फोडतो. पण तिथे गोष्ट हसण्यावर संपते आणि धडा मिळतो तो नुकसानीचा. अट्ठकथेतली गोष्ट एका बाबतीत फार पुढे गेलेली आहे, आणि मला तीच बाब आपल्यापुढे ठेवायची आहे. संघरक्षिताचे मनोराज्य लोभातून सुरू झालेले नाही. ते सुरू झाले दुखावण्यातून. प्रेमाने दिलेली वस्तू परत आली, आणि ते दुःख जिथल्या तिथे सोसणे जमले नाही म्हणून मन गाडीत बसून निघाले. शेवटी मनोराज्यातही तेच दुःख राग होऊन बाहेर आले आणि फटका बसला तो समोरच्या जिवंत माणसाला.

हे वाचल्यावर मी एक वही केली. दोन रकाने आखले : कुठून निघालो, कुठे पोचलो. मन भटकून आल्याचे लक्षात आले की लिहायचे. पंधरा दिवसांनी पाहिले तेव्हा 'कुठे पोचलो' या रकान्यात नेहमीचेच बंगले-गाड्या होत्या. पण 'कुठून निघालो' हा रकाना वाचवत नव्हता. इंग्रजीचे न समजलेले पान. खोलीमालकाने विचारलेले आडनाव, आणि ते सांगितल्यावर बदललेला त्याचा चेहरा. वडिलांचा फोन. बरोबरीच्या मित्राला लागलेली नोकरी. प्रत्येक प्रवासाचे बसस्टँड एकच होते, काहीतरी टोचलेले.

तेव्हा कुणी असे म्हणू नये की दिवास्वप्न म्हणजे आळस. आपल्या लोकांच्या बाबतीत तर असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. ज्या समाजाच्या नावाचा सातबारा पिढ्यान्‌पिढ्या कोराच राहिला, त्याच्याकडे मन हीच एक जमीन होती जिच्यात पाटलाचे गुरही शिरू शकत नव्हते. आमच्या आजोबांनी तिथे राजवाडे बांधले असतील तर बांधू द्या. मजुरीच्या धुऱ्यावर शिळी भाकर खाताना माणसाला तेवढाही आसरा नसता तर तो जगला कसा असता? आणि जुन्या धर्माने तर आपल्याला अख्खी पिढी पुरेल एवढे एक तयार मनोराज्य देऊन ठेवले होते. या जन्मी सोस, पुढच्या जन्मी वर येशील. ही सर्वांत मोठी उचल! तिच्यात रक्कम कधीच हाती येत नव्हती, राबणे तेवढे आत्ता आणि ताबडतोब होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी ही उचल नाकारली. म्हणूनच मला कुणी "बाबासाहेबांनी एक स्वप्न पाहिले" असे भाषणात म्हणू लागला की थोडे थांबावेसे वाटते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बुडाली आणि पुस्तकेही बुडाली. त्या क्षणी त्यांच्याजवळ स्वप्नाशिवाय दुसरे काय उरले होते? पण त्यांनी केले काय? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून काटकसरीने पैसा साठवला, कमी पडला तो नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतला, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. मनोराज्यात धर्मांतर करायला एक संध्याकाळ पुरली असती.

अष्टांगिक मार्गात दुसरे अंग सम्यक संकल्प आहे. संकल्प आणि मनोराज्य दिसायला जुळी भावंडे आहेत, दोघांचीही नजर उद्यावर असते. ओळखायची खूण मला एवढीच सापडली आहे : संकल्प तुम्हाला आजच्या कामाकडे परत पाठवतो, मनोराज्य आजच्या कामावरून उठवून नेते.

आता कुणी म्हणेल, ही सर्व धर्मोपदेशाची भाषा झाली, याला शास्त्राचा आधार काय? आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओएटिंगन यांनी जर्मनीतल्या पदवीधर तरुणांचा अभ्यास करून २००२ साली एक निष्कर्ष मांडला. नोकरी मिळाल्याची गोड चित्रे जे वारंवार रंगवत होते त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी मिळाला. उलट ज्यांना आजवरच्या अनुभवावरून 'आपल्याला जमेल' असा विश्वास होता त्यांची गत चांगली झाली. म्हणजे आशा वाईट नाही, उचल वाईट आहे. त्याच बाईंनी पुढे एका सहकाऱ्याबरोबर असेही दाखवले की गोड कल्पनेत रमलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब थोडा उतरतो. काम करण्यासाठी शरीरात जी तयारी व्हायला हवी ती होतच नाही, कारण शरीराला वाटते काम झाले! माझ्या वडिलांनी हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखले होते.

दुसरा एक अभ्यास हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना फोनवरून दिवसात अवचित विचारले, आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की मन आनंदाच्या गोष्टींकडे गेले होते तेव्हाही ही माणसे हातातल्या कामात रमलेल्या माणसांपेक्षा जास्त सुखी नव्हती. ज्या सुखासाठी आपण पळतो ते पळण्यात मिळत नाही, असा याचा अर्थ.

इथे एक सावधगिरी. मन थोडे भटकणे हा आजार नव्हे. त्यातून कविता होतात, गणितेही सुटतात, आणि कापूस वेचताना बाया गाणी जुळवतात ती त्यातूनच. पण काहींच्या बाबतीत हे हाताबाहेर जाते. इस्रायलमधील हैफा येथील एली सोमर या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली आपल्या सहा रुग्णांवरून याचे वर्णन केले आणि त्याला वेगळे नाव दिले. हे लोक तासन्‌तास मनातल्या कथेत राहत, कथेत पात्रे असत, वर्षानुवर्षे चालणारी कथानके असत. पुढच्या अभ्यासांत आढळले की अशा पुष्कळांना येरझाऱ्या आणि गाणे लागते. ते वाचले तेव्हा गावाबाहेरचा तो रस्ता माझ्या डोळ्यांपुढे आला. जगातल्या मानसोपचाराच्या पुस्तकांनी याला अजून स्वतंत्र आजाराचा दर्जा दिलेला नाही. परंतु सोमर यांच्या त्या पहिल्या सहा जणांचे बालपण दुखावलेले होते, ही गोष्ट मी शिक्षक म्हणून विसरू शकत नाही, कारण ती न समजल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, पण नजर सदा खिडकीबाहेर. मी तीनदा टोकले. चौथ्यांदा भर वर्गात म्हणालो, "राणीसाहेब राजवाड्यातून परत आल्या का?" वर्ग हसला. ती हसली नाही. स्वतः दोन वर्षे लाल दिव्याच्या गाडीतून फिरलेल्या माणसाला ही थट्टा सुचावी, याची आज लाज वाटते. चार दिवस ती शाळेतच आली नाही. माझी पत्नी तिच्या घरी जाऊन आली तेव्हा कळले. घर एका खोलीचे, बाप पिऊन येणारा, रात्री भांडण पेटले की ती पोर भिंतीकडे तोंड करून निजत असे आणि मनात घर बांधत असे. चार खोल्यांचे. एका खोलीला आतून कडी. तिने माझ्या पत्नीला कोणती खिडकी कुठे आहे तेही सांगितले.

आता सांगा, या मुलीला 'मनोराज्य सोड' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तिच्या अंगावरचे तेवढेच पांघरूण होते. आधी बापाची दारू आणि रात्रीची भीती यांचे काहीतरी करावे लागते, मग पांघरूण आपोआप बाजूला पडते. आम्ही वस्तीतल्या दोघा-चौघा वडीलधाऱ्यांना घेऊन बापाशी बोललो. परिणाम अर्धाच झाला. तो आता पितो, पण पिऊन घरी येत नाही, भावाकडे पडतो. याला यश म्हणावे की नाही मला ठरवता येत नाही. मुलगी रात्री झोपते, एवढे खरे.

पालकांनो, आता आपल्याशी थोडे कडू बोलतो. नवी दीक्षा घेतलेल्या घरात शिक्षणाची ओढ प्रचंड असते, ती असलीच पाहिजे. पण दहावीत ऐंशी टक्के पडले की चौकात 'भावी अधिकारी' म्हणून लेकराचा फ्लेक्स लागतो, नातेवाईक त्याला साहेब म्हणू लागतात, आई मैतरणींना बंगल्याचे सांगू लागते. हेही मनोराज्यच आहे, आणि ते आपले आहे. उचल आपण घेतो आणि फेडायला लावतो लेकरांना. मग ते लेकरू एखाद्या पेपरात अडकले तर ते आपल्याला सांगू शकत नाही, कारण आपण मजुरी आधीच खाल्लेली असते. मी सहा वर्षे वडिलांशी खोटे का बोललो याचे हेही एक कारण आहे. माझ्या अपराधाची वाटणी त्यांच्यावर करण्यासाठी हे लिहीत नाही, आपल्या घरातला पोरगा आज काय लपवत असेल याचा आपण विचार करावा म्हणून लिहितो.

उपाय काय? माझ्याकडे मंत्र नाही. तथागतांचा मेघिय नावाचा एक सेवक भिक्खू होता. नदीकाठी त्याला एक सुंदर आमराई दिसली आणि वाटले, ध्यानाला हीच जागा. तथागत म्हणाले, मी एकटा आहे, दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब. त्याने तीनदा हट्ट धरला आणि गेला. पण त्या रम्य आमराईत नको नको त्या विचारांनीच त्याला घेरले. परत आल्यावर तथागतांनी त्याला अपक्व मनासाठी हितकर अशा पाच गोष्टी सांगितल्या आणि त्यांतली पहिली होती कल्याणमित्र. ध्यान पहिले सांगितले नाही, एकांतही नाही. आमची पोरे अभ्यासासाठी एकटी खोली शोधतात. ती खोली पुष्कळदा मेघियाची आमराई ठरते. मी यवतमाळहून घरी परतलो आणि विहारात तिघे मित्र एका चटईवर बसून एकमेकांना प्रश्न विचारू लागलो, तेव्हा माझी मिरवणूक निघायची थांबली. समोर कुणी "सांग, कलम सतरा कशाचे?" असे विचारत असताना माणसाला बसस्टँडवर जाता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या शिवारातली आहे. मज्झिम निकायात तथागतांनी मन राखण्याला गुराख्याची उपमा दिली आहे. पावसाळ्याच्या शेवटी पीक दाट उभे असते तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे सतत वळवावी लागतात. पीक घरी गेले, उन्हाळा लागला, की तो झाडाखाली बसतो. गुरे तिकडे आहेत एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. आपला तरुण नेमके उलटे करतो. पीक उभे असताना झाडाखाली बसतो. परीक्षेचे, पेरणीचे, संसार मांडण्याचे दिवस हे काठी हातात घेण्याचे दिवस आहेत. मनाला रागावून मात्र उपयोग नाही. गुराखी गुरांवर रागावत नाही, वळवतो. गेले, पाहिले, वळवले. पुन्हा गेले, पुन्हा वळवले. माझ्या वहीचा पहिला रकाना हीच माझी काठी झाली. आणि स्वप्न पडलेच, तर त्याच्याखाली लगेच लिहायचे की आड काय येते आहे आणि त्यासाठी आज संध्याकाळपर्यंत काय करायचे. ओएटिंगनबाईंचाही सल्ला जवळपास असाच आहे.

मोबाईलविषयी पानभर लिहिता येईल, पण एकच म्हणतो : पूर्वी मनोराज्य निदान स्वतः बांधावे लागे, आता दुसऱ्याने बांधलेले तीस-तीस सेकंदांनी मिळते.

ज्यांच्या घरात कुणी तासन्‌तास हरवून बसते, बोलणे सोडते, जिवाचे बरेवाईट बोलते, त्यांनी उपदेशात वेळ घालवू नये. सरकारची टेली मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट आणि मराठीतून बोलता येते. आपल्या जिल्ह्याने उंबऱ्याआड कोंडलेली दुःखे पुष्कळ पाहिली आहेत.

२०१९ साली, शाळेत नोकरी पक्की झाल्यावर, मी वडिलांना त्या अर्जाचे खरे सांगितले. ते तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बकऱ्या तं गेल्याच होत्या. तू तवा इतके दिवस कुठी होता, थे सांग." मी वही आणली आणि पहिला रकाना वाचून दाखवला. खोलीमालकाची ओळ आली तेव्हा त्यांनी झाडू खाली ठेवला.

ती मुलगी आता नववीत आहे. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत तिने विचारले, "सर, चार खोल्यांना विटा किती लागतात?" मी म्हटले, वही काढ. आम्ही आधी एकाच खोलीचा हिशेब मांडला. लांबी, रुंदी, भिंतीची उंची, मग चारही भिंतींचे क्षेत्रफळ. मी उत्तराखाली रेघ ओढणार तोच ती म्हणाली, "सर, दाराची जागा वजा करायची राहिली."